तांबड्या मातीची ओळख

गेल्या कांहीं अंकांतून या सदरांत आम्हीं आकाशांतील गोष्टींचा परामर्श घेतला. या खेपेस दृष्टि जमिनीकडे वळवावी असें मनांत आहे. विषय अगदीं अंगणांतला आहे. तुळशीवृंदावनास जो गेरू देतात, ज्याचा चौकोन सारवून त्यावर रांगोळी घालतात, कुंभार जो मडक्यावर फिरवितो, तो गेरू म्हणजे वस्तुतः काय पदार्थ आहे, आणि एखादी तांबडी माती तीच आहे कीं दुसरी, हें आज प्रकाशाच्या साहाय्यानें कसें ओळखतात, याची हकीकत वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

शब्दापासून आरंभ करण्याची आमची शाळामास्तरी खोड वाचकांच्या परिचयाची आहेच. 'गिरि' म्हणजे पर्वत. पर्वतांत उत्पन्न होणारें तें 'गैरिक'. आणि गैरिकाचा अपभ्रंश होत होत आपला गेरू झाला. मेघदूतांतील विरही यक्ष शिळेवर प्रियेचें चित्र काढतो तें धातुरागानें, म्हणजे अशाच एखाद्या डोंगरी रंगानें. वैद्यकांतहि गेरूला मान आहे. रसरत्नसमुच्चयांत आठ उपरसांमध्यें गैरिकाची गणना केली असून त्याचे पाषाणगैरिक व स्वर्णगैरिक असे दोन भेद सांगितले आहेत. पहिला कठीण आणि तांब्याच्या वर्णाचा. दुसरा अत्यंत तांबडा, मऊ व स्निग्ध. जुन्या घरांतील औषधाच्या बटव्यांत जो सोनगेरू असे तो या दुसऱ्या भेदाचा.

हें वर्गीकरण डोळ्यानें व बोटानें केलेलें आहे, आणि कित्येक नवशिक्षित त्यास हंसतात तसें हंसण्याजोगें तें मुळींच नाहीं. स्पर्शाला मऊ लागणें म्हणजे मातीचा अंश अधिक व कण बारीक असणें. कठीण लागणें म्हणजे दगडाचा अंश अधिक असणें. जुन्या वैद्यानें जें चिमटींत ओळखलें तेंच आजचा रसायनवेत्ता निराळ्या भाषेंत सांगतो. मात्र डोळा पुष्कळदां फसतो. गेरूला रंग देणारें जें खनिज, ज्यास हेमेटाइट म्हणतात, त्याचा मोठा स्फटिकरूप खडा काळसर आणि पोलादासारखा चकाकणारा असतो. यांत तांबडें कांहीं असेल असें कोणासहि वाटणार नाहीं. तोच खडा बिनझिलईच्या पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यावर घासला कीं रक्तासारखी रेघ उमटते. ग्रीक भाषेंत रक्ताला 'हायमा' म्हणतात, त्यावरूनच त्याचें नांव पडलें.

आतां पिवडीकडे वळूं. भिंतीस पिवळा हात देण्याकरितां जी माती पूर्वीं घरोघर वापरीत, तिचा रंग गोएथाइट नांवाच्या खनिजाचा. गंमत अशी कीं, हेमेटाइट व गोएथाइट या दोहोंतहि रंग देणारा धातु एकच, तो म्हणजे लोखंड. हेमेटाइटांत लोखंड व प्राणवायु एवढेच दोन आहेत. गोएथाइटांत त्यांच्या जोडीला हायड्रोजन आहे, म्हणजे पाण्याचा अंश त्यांत बांधलेला आहे. पिवडीची चिमूट लोखंडी तव्यावर प्रखर आंचेवर परतीत राहिल्यास, उष्णता अडीचशें ते तीनशें अंश सेल्सिअसच्या घरांत पोंचतांच तें बांधलेलें पाणी वाफ होऊन निघून जातें आणि पिवळी माती डोळ्यांदेखत तांबडी होते. हा प्रयोग आम्हीं वर्गांत पुष्कळदां करून दाखविला आहे, आणि मागच्या बांकावरचीं मुलेंहि त्या दिवशीं पुढें सरकत. चित्रकारांच्या पेटींत 'रॉ सिएना' व 'बर्न्ट सिएना' अशा दोन नळ्या असतात, त्यांतील भेद हाच. इटलींतील सिएना गांवची पिवळट माती, एक कच्ची व एक भाजलेली. 'अंबर' नांवाची तपकिरी माती असते तींत लोखंडाबरोबर मँगेनीजहि असतें.

गोएथाइट हें नांव १८०६ साली जर्मन कवि गटे याच्या सन्मानार्थ देण्यांत आलें. शाकुंतल वाचून ज्यानें मुक्तकंठानें त्याची स्तुति केली तोच हा गटे, म्हणून आम्हां संस्कृताच्या अभ्यासकांना तो परका नाहीं. त्यानें १८१० सालीं रंगांवर एक जाडा ग्रंथ प्रसिद्ध केला व त्यांत न्यूटनच्या प्रकाशविषयक सिद्धांतावर कडाडून हल्ला चढविला. न्यूटन म्हणे, पांढरा प्रकाश सर्व रंगांचा मिळून झालेला आहे. गटे तें मानीना. कवि म्हणून त्याची योग्यता मोठी, पण या वादांत काळानें निकाल न्यूटनच्या बाजूनें दिला. आणि गटेचें नांव धारण करणारें खनिज आज ज्या विद्येनें ओळखलें जातें ती न्यूटनच्या लोलकांतूनच निघालेली आहे.

त्या विद्येस वर्णपटविज्ञान म्हणतात. तिची वंशावळ थोडक्यांत सांगतों. न्यूटननें लोलकांतून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले. १८०० सालीं विल्यम हर्शेलनें तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यास कांहींच दिसत नाहीं तेथें, उष्णतामापक ठेवला तों पारा चढला. तो अवरक्त प्रकाश. १८१४ सालीं फ्राउनहोफरनें सूर्याच्या वर्णपटांतील काळ्या रेषा मोजण्यास आरंभ केला. आणि १८६० च्या सुमारास हायडेलबर्ग येथें किर्खोफ व बुन्सेन यांनीं दाखवून दिलें कीं, प्रत्येक मूलतत्त्व तापविलें असतां आपल्या ठराविक रेषाच देतें. या युक्तीनें त्यांनीं सीझियम व रुबिडियम हीं दोन नवीं तत्त्वेंहि शोधून काढलीं.

भिंतीवरचें चित्र मात्र ज्वालेंत धरतां येत नाहीं. तेथें उपाय निराळा. मातीवर पांढरा प्रकाश टाकावयाचा आणि कोणत्या तरंगलांबीचा किती भाग परत आला तें मोजावयाचें. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. आपल्या डोळ्यांस सुमारें चारशें ते सातशें नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश दिसतो. मोजमापें कागदावर मांडलीं कीं डोंगराच्या कडेसारखी एक वक्र रेषा मिळते. हेमेटाइट निळा व हिरवा प्रकाश गिळून टाकतें, आणि साडेपांचशेंच्या पुढें त्याची रेषा एकदम चढूं लागते. चढ सर्वांत उभा असतो तो ५६५ ते ५८० नॅनोमीटरच्या दरम्यान. गोएथाइटचा चढ आधींच सुरू होतो. त्याचे उभे चढ ४३५ व ५३५ च्या आसपास सांपडतात. म्हणून एक तांबडें व दुसरें पिवळें. अवरक्तांत गेलें कीं दोहोंच्या रेषांत एकेक दरी लागते, हेमेटाइटची ८६० च्या आसपास आणि गोएथाइटची ९०० ते ९४० च्या दरम्यान. दोन्ही मिसळलेलीं असतील, आणि निसर्गांत बहुधा तीं असतातच, तर डोळा केवळ 'तांबडें' म्हणून मोकळा होतो, कारण थोडेंसें हेमेटाइट पुष्कळ गोएथाइटचा पिवळेपणा झांकून टाकतें. या वक्र रेषेंत मात्र दोघांच्या खुणा शोधतां येतात.

आणखी पुढें गेलें म्हणजे रंगाशीं संबंध नसलेली एक मोलाची साक्ष मिळते. केओलिन म्हणून जी पांढरी माती, जिच्यापासून चिनी मातीचीं भांडीं करतात, ती २२०० नॅनोमीटरजवळ प्रकाश शोषते. चुन्याचा कार्बोनेट २३४० च्या आसपास शोषतो. म्हणजे रंगाबरोबर कोण कोण राहत आहे तेंहि कळतें. माणसाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते तसाच हा प्रकार. पुढें याचें प्रयोजन येईल.

दुसरी रीत आपल्याच देशांत जन्मास आली. २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं कलकत्त्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं जो परिणाम शोधून काढला व ज्यासाठीं १९३० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें, तो आज जगांतील चित्रसंग्रहालयांत नित्याच्या उपयोगाचा झाला आहे. एकाच रंगाचा प्रकाश पदार्थावर टाकला तर विखुरलेल्या प्रकाशापैकीं अगदीं अल्प भागाचा रंग किंचित् बदलतो, आणि तो किती बदलावा हें त्या पदार्थांतील अणूंच्या कंपनांवर अवलंबून असतें. हेमेटाइटच्या खुणा २२५, २९१, ४११ व ६१२ या आंकड्यांशीं येतात, गोएथाइटची ठळक खूण ३८५ शीं. हे आंकडे एका सेंटिमीटरांत किती लाटा मावतात या हिशेबाचे आहेत. सूक्ष्मदर्शक जोडला कीं केंसाच्या जाडीहून लहान कणाचीहि परीक्षा होते.

येथें एक धोका सांगितलाच पाहिजे, कारण यंत्राची छापील उत्तरें पाहून भारावून जाणारे लोक आमच्या पाहण्यांत आहेत. रामन-परीक्षेसाठीं लेसरचा किरण एका सूक्ष्म बिंदूवर एकवटतात. किरण प्रखर ठेवला तर तो बिंदु तापतो, आणि आमच्या तव्यावर जें झालें तेंच तेथें होतें: पिवळें गोएथाइट जळून तांबडें हेमेटाइट बनतें! परीक्षक मग मोठ्या विश्वासानें लिहितो कीं, येथें हेमेटाइट सांपडलें. म्हणून जाणते लोक किरण मंद ठेवतात व वेळ अधिक घेतात. साक्षीदाराला धमकावून घेतलेली जबानी न्यायालयांत टिकत नाहीं, तद्वत्च हें.

तिसरी रीत क्ष-किरणांची. क्ष-किरण पडले कीं प्रत्येक मूलतत्त्व आपल्या विशिष्ट शक्तीचे क्ष-किरण उलट देतें. लोखंड आहे, पारा आहे कीं शिसें आहे, हें हातांत धरण्याच्या यंत्रानें, भिंतीस ओरखडा न काढतां, थोड्याच वेळांत समजतें. पण लोखंड पिवडींतहि आहे आणि गेरूंतहि आहे. त्यांत भेद करणें या रीतीला साधत नाहीं. एका यंत्रानें भागत नाहीं तें याचमुळें.

चौथी रीत केवळ लोखंडाच्या अणुगर्भाची विचारपूस करणारी आहे. १९५८ सालीं म्यॉसबाउअर या जर्मन शास्त्रज्ञानें शोधलेल्या परिणामावर ती आधारलेली आहे व त्यास १९६१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तिचा सर्वांत दूरचा उपयोग मंगळावर झाला. २००४ च्या जानेवारींत 'स्पिरिट' व 'ऑपॉर्च्युनिटी' या दोन गाड्या तेथें उतरल्या, त्यांवर या जातीचीं छोटीं यंत्रें होतीं. एका जागीं हेमेटाइट असल्याचें आकाशांतून घेतलेल्या अवरक्त वर्णपटावरून आधींच कळलें होतें, म्हणून 'ऑपॉर्च्युनिटी' मुद्दाम तेथें उतरविली. 'स्पिरिट'ला दुसरीकडे गोएथाइट आढळलें. गोएथाइट पाण्यावांचून होत नाहीं, म्हणून त्या चिमूटभर पिवडीचें शास्त्रज्ञांना एवढें अगत्य. आपल्या पूर्वजांनीं मंगळास 'भौम', म्हणजे भूमीचा पुत्र, म्हटलें आहे. या नांवाचा त्या शोधाशीं कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह कित्येकांस होईल. तो त्यांनीं आवरावा. नांव सुंदर आहे एवढें पुरे.

गेरूचा मनुष्याशीं असलेला संबंध किती जुना, हेंहि याच परीक्षांनीं कळूं लागलें आहे. दक्षिण आफ्रिकेंतील ब्लोम्बोस गुहेंत समुद्री शिंपल्यांत कालवून ठेवलेला गेरू सांपडला. तो सुमारें एक लक्ष वर्षांपूर्वींचा असल्याचें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. मध्य प्रदेशांत भीमबेटका येथील चित्रित गुहा आपले डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनीं १९५७ सालीं जगापुढें आणल्या. तेथेंहि तांबड्या रंगाचें प्राबल्य आहे. अशा ठिकाणीं पुराणवस्तुवेत्त्यांचा एक नाजुक प्रश्न असतो: हा तांबडा रंग खाणींतूनच तांबडा निघाला, कीं मनुष्यानें पिवडी भाजून तो केला? भाजलेल्या हेमेटाइटची स्फटिकरचना कांहींशी विस्कळित राहते, आणि रामन-वर्णपटांत ६६० च्या आसपास एक जादा खूण दिसूं शकते. परंतु खनिज नैसर्गिक रीतीनें विस्कळित असलें तरीहि ती येते, शिवाय वणवा किंवा चुलीची आंच लागूनहि माती भाजते. तेव्हां एवढ्याच खुणेवरून 'मानवानें अग्निविद्या रंगासाठीं वापरली' असें ठोकून देणें आम्हांस उतावीळपणाचें वाटतें.

अजिंठ्याचा उल्लेख केल्यावांचून महाराष्ट्रांत हा विषय पुरा होणार नाहीं. तेथील पिवळा व तांबडा हे लोखंडी मातीचे, काळा काजळीचा, निळा राजावर्त म्हणजे लाजवर्द नांवाच्या रत्नाचा. तो अफगाणिस्तानाकडून आलेला. हिरवा रंग मात्र अस्सल मातीचा आहे. 'हिरवी माती' या एका नांवाखालीं दोन खनिजें मोडतात. ग्लॉकोनाइट समुद्राच्या गाळांत तयार होतें. सेलॅडोनाइट ज्वालामुखीच्या खडकांतील पोकळ्यांत. डोळ्यास दोन्ही सारखींच मळकट हिरवीं. अवरक्त वर्णपटांत सेलॅडोनाइट ३६०० च्या जरा खालीं-वर तीन अणकुचीदार खुणा देतें, ग्लॉकोनाइटच्या खुणा रुंद व बोथट असतात. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकांत सेलॅडोनाइट विपुल आहे; तेव्हां भिक्षूंच्या चित्रकारांस हिरव्यासाठीं फार दूर जावें लागलें नसावें. पण अजिंठ्याच्या भिंतींवर वर्णपट घेणाऱ्यास एक अडथळा आहे. १९२० ते १९२२ च्या दरम्यान निजाम सरकारनें बोलाविलेल्या दोन इटालियन कारागिरांनीं चित्रें जपण्यासाठीं त्यांवर लाखेचें रोगण दिलें. हेतु चांगला होता. पण तें रोगण पुढें पिवळें पडलें. परावर्तित होणारा प्रकाश त्यांतूनच येतो, म्हणून चित्राच्या रंगाआधीं रोगणाचा पिवळेपणाच साक्ष देऊं लागतो.

हा विषय आम्हीं या महिन्यांत घेतला त्यास एका वाचक भगिनींचें पत्र निमित्त झालें. त्यांचें माहेर गोव्याच्या सीमेजवळ असून कुळाच्या देवळांत सभामंडपाच्या भिंतींवर काव-कामाचीं जुनीं चित्रें आहेत. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन, तो ओला असतांनाच अणीनें कोरून खालचा पांढरा दाखवावयाचा, अशी ही कोंकण-गोव्याकडील कला. कांहीं थर सुटले आहेत. यंदा जीर्णोद्धार व्हावयाचा आहे, आणि मंडळींचा विचार असा कीं, सुटलेल्या जागा बाजारच्या तांबड्या ऑइलपेंटनें भरून घ्याव्या, "तांबडें तें तांबडेंच." या भगिनींना तें पटत नाहीं, पण घरांत त्या धाकट्या सुना, आणि चारचौघांत काय कारण सांगावें हें त्यांस सुचत नाहीं.

कारणें आम्ही देतों. पहिलें असें कीं, तांबडें तें तांबडेंच नव्हे. गेरू लोखंडाचा, हिंगूळ पाऱ्याचा, शेंदूर शिशाचा. शिशाचा शेंदूर भिंतीवर कित्येकदां काळा पडतो. चीनमधील दुन्हुआंगच्या गुहांत असें झालेलें आहे, आणि त्या काळ्या डागांत शिसें सांपडल्यावरच मूळचा रंग तांबडा होता हें उमगलें. त्यांच्या देवळांतील चित्रांत एखादी जागा काळी दिसत असेल तर ती धुरानें काळी झाली असें समजून घांसूं नये. आधीं परीक्षा व्हावी. शिसें निघालेंच तर तेथें खरवडून उडालेली धूळ लहान मुलांच्या पोटांत जाणें अपायकारक आहे, हेंहि मंडळींस सांगावें. बाजारांतील शेंदराच्या पुडीलाहि हाच न्याय लागू आहे.

दुसरें कारण रंगाच्या संगतीचें. दुकानांतील 'रेड ऑक्साइड' हें रसायनदृष्ट्या हेमेटाइटच आहे, हें मंडळींपैकीं एखादा शिकलेला सांगेल, आणि तें खरें आहे. पण तें कारखान्यांत केलेलें. त्यांत जांभ्याच्या तांबड्या मातीबरोबर येणारें केओलिन नसतें. २२०० जवळची ती खूण जुन्या थरांत दिसेल, नव्या रंगांत दिसणार नाहीं. म्हणजे पुढें केव्हांहि जुनें कोठें संपतें व नवें कोठें लागतें हें उघड राहील. जुन्याशीं एकजीव व्हावें अशी इच्छा असेल तर तेथल्याच डोंगराची माती व चुना हवा. तिसरें कारण सर्वांत व्यवहाराचें: चुना हवेंतील कार्बन वायु शोषून दगडासारखा होतो व मातीचा कण न् कण धरून ठेवतो, लोखंडी रंगाला चुन्याचा दाह बाधत नाहीं. ऑइलपेंटचा पापुद्रा भिंतीचा श्वास कोंडतो, पावसाळ्यांत ओल मागें साचते, आणि पापुद्रा सुटतांना जुना थरहि घेऊन जातो.

वर्णपटानें सगळेंच कळतें असें मात्र त्यांनीं कोणास सांगूं नये. 'हें हेमेटाइट आहे' हें तो सांगेल. कोणत्या टेकडीचें, हें सांगणें कठीण. त्यासाठीं अल्पांशानें असलेलीं इतर तत्त्वें मोजावीं लागतात व आसपासच्या खाणींचे नमुने तुलनेस असावे लागतात.

तेव्हां आमची सूचना अशी. भिंतीखालीं जे पोपडे गळून पडतील ते केरांत न टाकतां, प्रत्येक जागेचे निराळे, कोऱ्या कागदाच्या पुडींत बांधावे. पुडीवर भिंतीची दिशा, जमिनीपासून उंची व तारीख लिहावी. काम सुरू होण्यापूर्वीं दिवसाच्या उजेडांत छायाचित्रें घ्यावीं. लखनौ येथें सांस्कृतिक वारशाच्या जतनासाठीं १९७६ पासून एक राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, आणि पुरातत्त्व खात्याची रसायनशाखा डेहराडून येथें आहे. देवस्थानाच्या नांवानें पत्र लिहून त्यांचा सल्ला मागावा. पत्राचा मसुदा करून पाठविण्याचें आम्ही आनंदानें पत्करतों. तोंपर्यंत ऑइलपेंटचे डबे उघडूं नयेत.